तेरच्या विटा आणि आपली वही
(सदर : गाव आणि माणसं)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नात्यातल्या एका मुलीच्या मंगल परिणयासाठी आम्हाला तेरला जायचे होते. धाराशिवहून एक टेम्पो ठरवला आणि लहानथोर मिळून चौदा-पंधरा माणसे निघालो. बरोबर माझ्या मावशी होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण काठी न घेता चालणाऱ्या. त्यांचा नातू नुकताच बारावीच्या वर्गात गेला होता. मुलगा हुशार, पण त्या दिवशी त्याचे आणि त्याच्या वडिलांचे तोंड उतरलेले होते.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले, वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या, जयमंगल अष्टगाथा झाली, जेवणे उरकली. मग मांडवाच्या सावलीला पुरुषमंडळी बसली तेव्हा कारण कळले. मुलाला इंजिनिअरिंगला जायचे होते आणि जात वैधता प्रमाणपत्राचे काम अडले होते. आपल्या घरोघरी ज्याला नुसते 'व्हॅलिडिटी' म्हणतात तेच हे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, कारण राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश त्या तारखेचा आहे. मुलाचे वडील म्हणाले, "दादा, पणजोबाचा कागद आणा म्हणत्यात. पणजोबा शाळेत गेला असता तर कागद असता. त्यानं जन्मभर येसकरकी केली. येसकराला दाखला कोण देतंय?"

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. विषय बदलावा म्हणून मी मुलाला म्हणालो, "चल, तेरला आलोच आहोत तर त्रिविक्रमाचं देऊळ बघून येऊ." मावशी लगेच उठल्या. "मी बी येते. बसून बसून पाय आखडले."

देवळाच्या आतले चैत्यगृह

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. ही तेरणा पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. आज पाहाल तर तेर हे चारचौघांसारखे मोठे खेडे आहे. बाजार, एसटीचा थांबा, ज्वारी-सोयाबीनची शेते, संत गोरोबाकाकांचे मंदिर. पण गावात शिरताना मधूनच पांढऱ्या मातीच्या टेकाडांचे उंचवटे दिसतात. आपल्याकडे वस्तीच्या जुन्या जागेला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. तेरची पांढरी फार जुनी. माणसे राहिली, घरे पडली, त्यावर पुन्हा घरे बांधली, असे शेकडो वर्षे चालले आणि त्याची टेकाडे झाली.

त्रिविक्रमाचे देऊळ समोरून पाहिले तर काही वेगळे वाटत नाही. पुढे सपाट छताचा मंडप आहे. आत पाऊल उचललेल्या विष्णूची म्हणजे वामन-त्रिविक्रमाची मूर्ती आहे. बळीराजाच्या डोक्यावर पाय ठेवणारा तो हाच. पण देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत चौकोनी नाही, ती अर्धगोल आहे. वरचे छप्पर शिखरासारखे निमुळते होत जात नाही, ते हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार आहे. म्हणून अशा बांधणीला गजपृष्ठाकार म्हणतात.

ज्यांनी कार्ल्याची किंवा भाज्याची लेणी पाहिली आहेत त्यांना हा आकार चटकन ओळखू येईल. तेथे तो डोंगर कोरून केला आहे. लांबट दालन, शेवटी अर्धगोल, आणि त्या अर्धगोलात स्तूप. उपासकांना स्तूपाला प्रदक्षिणा घालता यावी म्हणून मागची बाजू गोल ठेवत. हे चैत्यगृह. तेरच्या आसपास कोरण्याजोगा कडा नाही, नदीची माती मात्र भरपूर. म्हणून इथल्या लोकांनी तेच चैत्यगृह विटांचे बांधले. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स यांनी तेरला येऊन ही वास्तू तपासली आणि ती मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात मांडले. पुढच्या काळात त्यात विष्णूची मूर्ती बसवली गेली आणि समोर मंडप जोडला गेला. बांधकाम नेमके कोणत्या शतकातले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण अशा प्रकारची विटांची उभी चैत्यगृहे देशात फार थोडी उरली आहेत. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ हे असेच दुसरे उदाहरण सांगतात. तेही आता देऊळच आहे.

मावशी मंडपाच्या पायरीपाशी थांबल्या. चपला हातात घेतल्या होत्या, पण पाय उचलेना. मी म्हणालो, "चला की मावशी." त्या म्हणाल्या, "आमच्या गावात चावडीच्या ओट्याच्या पुढं आमाला जाता येत नव्हतं. तीच सवय पायाला हाय." मग स्वतःच हसल्या आणि आत आल्या. आत फार वेळ थांबल्या नाहीत. बाहेर मागच्या बाजूला येऊन, जिथे गिलावा गेला होता तिथे विटेवर हात ठेवला. मावशींनी आणि त्यांच्या मालकांनी बारा-पंधरा हंगाम वीटभट्टीवर काढलेले. विटेतले त्यांना कळते. म्हणाल्या, "ही आपल्या भट्टीची वीट न्हाय. लई मोठी हाय. अन् भुसा घातलेला दिसतोय मातीत."

त्यांचे म्हणणे खरे होते. तेरच्या जुन्या विटा मोठ्या असून काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळून जातो, विटेत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. वर गोल छप्पर चढवायचे तर हलकी वीट हवी, हे त्या काळच्या कारागिराला ठाऊक होते. त्या विटा कोणी थापल्या, कोणी भाजल्या, डोक्यावरून कोणी वाहिल्या, याची नोंद कोठे नाही. एवढे नक्की की त्या कोणा राजाने थापल्या नाहीत.

तीस दिवसांची बैलगाडीची वाट

दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला तगर म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचे नाव माहीत नाही. त्यात आपल्या मराठवाड्यातील दोन गावे आहेत. एक पैठण, दुसरे तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्याने लिहिले आहे. पैठणहून रंगीत दगड जात. तगरहून साधे कापड खूप प्रमाणात आणि तलम मलमलही गाड्यांत घालून, रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचला जाई. तेथून जहाजात चढे आणि रोमपर्यंत पोचे. दुसऱ्या शतकातील टॉलेमी या भूगोलकारानेही तगरचे नाव दिले आहे.

एवढे मोठे शहर गेले कोठे, हा प्रश्न विद्वानांना बरेच दिवस पडला होता. कोणी जुन्नर म्हणत, कोणी देवगिरी. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. आपले घराणे मूळचे तगरचे, एवढे सांगण्यातही त्यांना मोठेपणा वाटत होता.

पुढे तेरला उत्खनने झाली. १९५८ साली झाली, नंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली. जमिनीखालून सातवाहनांच्या काळातील वस्ती निघाली आणि विटांच्या एका मोठ्या स्तूपाचा पाया निघाला. त्या पायाची रचना चाकासारखी, मध्ये आरे असावेत तशी होती. तथागतांनी सारनाथला जे पहिले प्रवचन केले त्याला आपण धम्मचक्र प्रवर्तन म्हणतो. तेरच्या कारागिरांनी स्तूपाचा पायाच चाकासारखा रचला.

आता याचा अर्थ नीट लावला पाहिजे. तेरला स्तूप होता, चैत्यगृह होते, म्हणजे तेथे भिक्खुसंघाला दान देणारे उपासक-उपासिका होते. दान देणारे म्हणजे फक्त धनिक नव्हेत. जुन्या लेण्यांतील शिलालेख वाचले तर त्यात माळी, सुतार, लोहार, विणकर, व्यापारी, गृहिणी, भिक्खुणी यांची नावे दिसतात. कोणी खांब दिला, कोणी पाण्याचे टाके दिले. आपले नाव आणि गाव दगडावर कोरून ठेवले. तेर हे विणणाऱ्यांचे, रंगवणाऱ्यांचे, माती घडवणाऱ्यांचे गाव होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, तो आपल्या जिल्ह्यात परका नव्हता. तो याच पांढरीच्या पोटात झोपलेला होता.

लामतुरे यांची पदरमोड

देवळातून आम्ही वस्तुसंग्रहालयात गेलो. या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. ते तेरचे व्यापारी गृहस्थ. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर पांढरी माती टाकायची पद्धत होती. त्यासाठी लोक टेकाडे खणत. पावसाळ्यात माती वाहून जाई. खणताना आणि वाहताना मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, बांगड्यांचे तुकडे वर येत. पोरे ते खेळायला नेत, मोठी माणसे फेकून देत. लामतुरे यांनी ते गोळा करायला सुरुवात केली. कोणी आणून दिले तर पैसे देऊन घेतले. त्यांना कोणी सांगितले नव्हते, पगार नव्हता. हजारो वस्तू जमल्या आणि शेवटी हा संग्रह शासनाकडे आला.

त्या संग्रहातील हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती जगप्रसिद्ध आहे. इटलीत पाँपेई नावाचे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली खणताना अशीच हस्तिदंताची भारतीय मूर्ती सापडली. दोघींची ठेवण इतकी जवळची की अभ्यासक त्या दोन मूर्तींची तुलना करतात. आणखी पाहण्यासारख्या आहेत त्या पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या. दोन साच्यांत माती दाबून, दोन्ही भाग जोडून त्या करत. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही येथे जपलेली आहे.

मुलगा प्रत्येक पाटी वाचत होता. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाला, "काका, दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्याची नोंद आहे. त्याला नंबर आहे. माझ्या पणजोबाच्या नावाची नोंद कुठंच नाही."

मी गप्प बसलो. मावशी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "पणजोबाची नसंल. त्येच्या भावाची असंल की."

आम्ही दोघे त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"कोणता भाऊ?"

"शेंडेफळ. माझा चुलत सासरा. माझी सासू सांगायची, धाकट्याला शाळंत घातला होता म्हणून. बाहेर दारात बसवायचे, पर नाव घातलं होतं. साल-दीड साल गेला. मग रझाकाराची धामधूम झाली अन् शाळा सुटली. पुढं तो तापानं गेला. लग्न न्हाय, लेकरू न्हाय, मग त्येचं नाव कोण घेतंय?"

"मावशी, हे आधी का नाही सांगितलं?"

"मला इचारलं कुणी?"

रजिस्टरातील एक ओळ

जात पडताळणीसाठी वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील माणसाचा जुना पुरावा चालतो, तो सरळ पणजोबाचाच असावा असे नाही. हे मुलाच्या वडिलांना ठाऊक होते, पण हा भाऊ त्यांना ठाऊक नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात ते त्यांच्या मूळ गावच्या शाळेत गेले. जुने रजिस्टर होते, पण उर्दूत. निजामाच्या राज्यात शाळेचा आणि दप्तराचा कारभार उर्दूत चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, पण त्याआधीचे कागद उर्दूतच राहिले. काही जुने कागद मोडीत असतात. आपल्या अनेक घरांचे पुरावे असे आपल्याच समोर असून आपल्याला वाचता येत नाहीत.

गावातच एक निवृत्त मुस्लिम गुरुजी होते. त्यांनी चष्मा लावून दोन दिवस रजिस्टर चाळले आणि ती ओळ काढून दिली. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात महार. बापाचे नाव तेच, म्हणजे भाऊ सख्खा. गुरुजींना पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. पुढे त्या नोंदीची नक्कल, तिचे अधिकृत भाषांतर, वंशावळीचे शपथपत्र असे सगळे सोपस्कार झाले. बरेच हेलपाटे पडले, पण व्हॅलिडिटी मिळाली. मुलगा इंजिनिअर झाला. ज्या भावाचे नाव घरात कोणी घेत नव्हते, दाराबाहेर बसून जो दीड वर्ष शिकला, त्याच्या त्या एका ओळीवर घरातला मुलगा उभा राहिला.

मावशी आता नाहीत. तेरच्या लग्नानंतर त्या तीन वर्षे होत्या. त्या दिवशी पायरीवर तो विषय निघाला नसता तर ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली असती.

गावच्या इतिहासात आपला वाडा

तेरच्या इतिहासाबद्दल बोलताना सातवाहन येतात, शिलाहार येतात, रोमचा व्यापार येतो, संत येतात. गोरोबाकाका कुंभार होते. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे हे पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका सर्वांना माहीत आहे. त्यांच्याच काळातले चोखोबा मात्र पंढरपुरात देवळाबाहेरच राहिले. गोरोबांच्या गावाला इतिहास आहे, पण त्या गावाच्या आणि आसपासच्या शेकडो गावांच्या वेशीवर जे राहिले, त्यांचा इतिहास कोणी लिहिला?

आपल्या पूर्वजांकडे गावाची केवढी माहिती होती ते आठवा. दोन गावांत शिवेचा वाद झाला तर शीव कोठून जाते हे महाराने सांगायचे आणि ते मानायचे. सरकारी टपाल, खजिना, पाहुणा, मयताची खबर, सारे त्याच्या पायांवर चाले. गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात होता, पण गावाच्या कागदावर तो नव्हता. त्याच्या वाट्याला वतनाच्या नावाखाली तुटपुंजी जमीन, बलुते आणि रात्रंदिवसाची चाकरी आली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते याच गुलामीवर घाव घालण्यासाठी.

आपल्या जिल्ह्याला याचा विशेष अभिमान वाटावा असे कारण आहे. तेरच्याच टापूतील कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः आले. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी त्या गावावरून जात असे. १९०७ साली ती तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोचली. ती अरुंद रुळांची गाडी आता नाही, मोठी लाइन झाली. परिषद पाहिलेली माणसेही आता जवळजवळ नाहीत. ज्यांच्या आजीने त्या दिवशी भाकरी थापून दिल्या, ज्यांचे आजोबा चालत गेले, त्यांच्या घरी एखादी गोष्ट अजून असेल. ती विचारली आहे का कोणी?

इंग्लंडातील एक गोष्ट सांगतो. तेथे १५३८ साली हुकूम निघाला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. त्यामुळे तेथील अगदी लहान खेड्यातील शेतमजुरालाही आपल्या आठ-दहा पिढ्यांपूर्वीच्या आजोबाचे नाव, लग्नाचा दिवस आणि मरणाचा दिवस पुष्कळदा सापडतो. खेड्यापाड्यात लोक एकत्र जमून त्या वह्यांवरून आपल्या गावाचा इतिहास लिहितात. तो आजोबा मोठा माणूस नव्हता, पण त्याची ओळ होती. आपल्याला ती ओळ कोणी दिली नाही. म्हणून ती आपणच लिहायची.

विहारात एक वही ठेवू या

यासाठी पैसा लागत नाही. एक दोनशे पानी जाड वही आणि पेन पुरे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारात वर्षावास असतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. सारा वाडा जमलेला असतो, वृद्ध मायबहिणी पुढे बसलेल्या असतात. आठवड्यातून एक दिवस वाचन संपल्यावर अर्धा तास वहीसाठी द्यावा. शिकलेल्या मुलामुलींनी विचारावे आणि लिहावे. काय विचारायचे ते थोडक्यात देतो.

पहिले, घराण्याची नावे. आजोबा, पणजोबा, त्यांचे सगळे भाऊ-बहीण. जे लहानपणी गेले, ज्यांना लेकरू नव्हते, त्यांचीही. कोण कोणत्या गावाहून आले, लेकी कोठे दिल्या.

दुसरे, कोण कोणत्या कामाला होते. येसकरकी, पलटण, गिरणी, रेल्वे, खाण, ऊसतोड, वीटभट्टी. पलटणीत, गिरणीत, रेल्वेत असतील तर तेथे कागद असतो.

तिसरे, शाळेत कोण किती दिवस गेले. दीड वर्ष गेले असले तरी लिहा. चार महिने गेले असले तरी लिहा.

चौथे, वाड्याची हकिकत. पाण्याला कोठे जात होते, स्वतःची विहीर किंवा हापसा कधी झाला, गावकी कधी सोडली, दीक्षा कोणी आणि कोठे घेतली, घरातले देव कधी काढले, पहिली भीमजयंती कधी झाली, विहाराची पहिली वीट कोणी दिली, नामांतराच्या दिवसांत वाड्यावर काय प्रसंग आले.

पाचवे, ट्रंकेतले कागद. उर्दू असो, मोडी असो, फाटका असो, टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाईलवर फोटो काढून दोघा-तिघांकडे ठेवा. जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जमिनीचे जुने उतारे यांच्या नकला वेळ असतानाच काढा. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करू नका.

आणि स्त्रियांना आवर्जून विचारा. वंशावळ लिहिताना आपण पुरुषांची नावे पुरुषांना विचारतो. पण घरातल्या सगळ्या गोष्टी सासूने सुनेला सांगितलेल्या असतात. त्या सुना आता म्हाताऱ्या झाल्या आहेत.

एक विनंती, तरुणांना

त्रिविक्रमाचे मंदिर मूळचे चैत्यगृह होते हे वाचून कोणा तरुणाचे रक्त सळसळेल. सळसळू द्या, पण भांडणासाठी नव्हे. तेथे आज पूजा होते आणि गावचे लोक श्रद्धेने येतात. आपण अभ्यासासाठी जावे, मुलांना न्यावे, मागची गोल भिंत दाखवावी, शांतपणे समजावून सांगावे. इतिहास समजलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. तेथील वीट आठवण म्हणूनही उचलू नका, भिंतीवर नाव कोरू नका. शेतात किंवा पाया खणताना जुने मणी, नाणी, मूर्ती सापडल्या तर त्या विकू नका. जमिनीत सापडलेल्या अशा मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असा कायदा १८७८ सालापासून आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी फेकून दिलेले मणी वेचून ठेवले म्हणून जगाला तगर कळले. आपल्या मोहल्ल्यांतही असा एक वेचणारा हवा.

यंदाच्या वर्षावासात ज्या विहारात अशी वही सुरू होईल, तेथील मंडळींनी आपल्या साप्ताहिकाला जरूर कळवावे. पहिले पान कसे लिहिले तेही कळवावे. आमच्या वाड्याच्या वहीचे पहिले पान मावशींनी सांगितलेल्या हकिकतीने सुरू झाले आहे. त्यात सर्वांत वर त्या दीड वर्ष शाळेत गेलेल्या मुलाचे नाव आहे.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!